लॅपटॉप झोपेतून उठतो, वायफाय मात्र उठत नाही

सांजवारा
मंडळी, मदत हवी आहे. रात्री लॅपटॉपचं झाकण लावते. सकाळी उघडलं की फाइल्स, ब्राउझरचे टॅब, अर्धवट लिहिलेली पत्रं, सगळं जागच्या जागी असतं. फक्त वायफाय नसतं. कोपऱ्यात वायफायच्या चिन्हाऐवजी पृथ्वीचा गोल दिसतो आणि त्यावर टिचकी मारली तर नेटवर्कची यादीच येत नाही. रिस्टार्ट केलं की सुरळीत चालतं, पण मग उघडून ठेवलेलं सगळं काम पुन्हा मांडावं लागतं.

विंडोज ११ आहे. त्याच राउटरवर फोन आणि टीव्ही बिनतक्रार चालतात. एक गोष्ट लक्षात आली आहे. थोडा वेळ झाकण लावून उघडलं तर काहीच बिघडत नाही, रात्रभर राहिला की हमखास बिघडतं. यावरून कुणाला काही अंदाज बांधता येईल का? रोज रिस्टार्ट करणं हा मला उपाय वाटत नाही.

निळी_शाई
सर्वात आधी हे करून बघा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'नेटवर्क अडॅप्टर्स'मध्ये वायफाय कार्डावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, 'पॉवर मॅनेजमेंट'चा टॅब. तिथे 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची ओळ असते. तिची खूण काढून टाका. माझ्या आधीच्या लॅपटॉपचं असंच दुखणं एवढ्यावर बरं झालं होतं.

रातकिडा
कुंभकर्णाला उठवायला ढोल-नगारे लागले होते. वायफायला डिसेबल-इनेबल पुरतं. अडॅप्टर बंद करून चालू करून पाहिलंत का?

सांजवारा
@निळी_शाई, तो टॅबच दिसत नाही. जनरल, अॅडव्हान्स्ड, ड्रायव्हर वगैरे आहेत, पॉवर मॅनेजमेंट नाही.
@रातकिडा, उद्या सकाळी करून सांगते.

बुरूज
टॅब नाही हीच महत्त्वाची माहिती आहे. बहुतेक तुमचा लॅपटॉप 'मॉडर्न स्टँडबाय'वाला आहे. अशा मशीनवर तो टॅब बहुधा दिसत नाही.

जरा सविस्तर लिहितो, कारण 'स्लीप' या एकाच बटणामागे वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात. एसीपीआय हे संगणकाच्या वीज-व्यवस्थापनाचं मानक १९९६ साली आलं आणि त्यात झोपेच्या पायऱ्या ठरवून दिल्या गेल्या. एस-३ म्हणजे जुनी, गाढ झोप. फक्त रॅमला वीज मिळते, प्रोसेसर बंद. एस-४ म्हणजे हायबरनेट. रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून मशीन पूर्ण बंद होतं. एस-० म्हणजे चालू, जागं मशीन आणि मॉडर्न स्टँडबाय हा त्याचाच एक प्रकार आहे. पडदा काळा होतो, पण मशीन अर्धवट जागं राहतं आणि परवानगी असेल तर वायफायही जोडलेलं ठेवतं. विंडोज ८ मध्ये हे 'कनेक्टेड स्टँडबाय' नावाने आलं, विंडोज १० पासून मॉडर्न स्टँडबाय झालं.

तुमच्याकडे काय आहे ते असं बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'ए'. (इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना रोमन अक्षरं घ्या.) कोणत्या झोपा उपलब्ध आहेत आणि कोणत्या नाहीत, याची यादी येते.

आणि एक कळकळीची विनंती: उद्या बिघडलं की लगेच रिस्टार्ट करू नका. रिस्टार्टने दुखणं जातं आणि त्यासोबत पुरावाही जातो. त्या बिघडलेल्या अवस्थेतच मशीन नीट पाहायला हवं.

चकवा
मला राउटरचा संशय येतोय. 'थोड्या वेळाने ठीक, रात्रभराने बिघाड' हे डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या पद्धतीच्या) भाडेपट्टीशी जुळतं. राउटर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता ठराविक मुदतीसाठी देतो. यंत्र जागं असेल तर निम्मी मुदत झाली की ते नूतनीकरण मागतं. झोपलेलं यंत्र मागणार कसं? मुदत संपते, पत्ता दुसऱ्याला जाऊ शकतो आणि जागं झालेलं यंत्र जुनाच पत्ता धरून बसतं.

दुसरी शक्यता चॅनलची. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारचा संकेत आला की राउटरला तो चॅनल सोडावा लागतो. नव्या जागीही असाच चॅनल असेल तर आधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. रात्रीतून राउटर हलला तर सकाळी लॅपटॉप त्याला जुन्या जागी शोधतो.

बुरूज
चकवा, दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, पण या रुग्णाला लागू पडतील असं वाटत नाही. भाडेपट्टी संपली तरी नेटवर्कची यादी दिसायला हवी. नेटवर्क जोडलं जाईल, फक्त पत्ता मिळणार नाही. यांच्याकडे यादीच येत नाही. आसपासची इतर नेटवर्कंही दिसत नाहीत आणि ती काही यांच्या राउटरची नाहीत.

चकवा
यादी 'येत नाही' म्हणजे नक्की काय, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. कधी कधी जुनी यादी ताजी व्हायलाच वेळ लागतो. रडारवाल्या चॅनलवर लॅपटॉपला स्वतःहून हाक मारायची मुभा नसते. राउटरच्या संकेताची वाट पाहत बसावं लागतं, म्हणून तिथलं नेटवर्क सापडायला उशीर होतो.

सांजवारा, एक सोपी चाचणी आहे. बिघडलेलं असताना फोनचा हॉटस्पॉट सुरू करा, २.४ गिगाहर्ट्झवर. तो दिसला तर संशय राउटरवर. तोही दिसला नाही तर बुरूज म्हणतात तेच खरं आणि माझी तक्रार मागे.

बुरूज
उत्तम चाचणी. हीच करा.

पारंबी
मॅकवर असंच होत असेल तर कुठे बघायचं? माझंही अधूनमधून होतं. एकाने एसएमसी (वीज वगैरे सांभाळणारी चिप) रिसेट करायला सांगितलं होतं.

ओवी
पारंबी, अॅपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये एसएमसी रिसेट हा प्रकारच नाही, तो इंटेलवाल्या मॅकसाठी होता. तुम्ही ऑप्शनची कळ दाबून वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर टिचकी मारा. कोणता चॅनल, संकेत किती डेसिबल, कोणती सुरक्षा, सगळं दिसतं आणि तिथूनच वायरलेस डायग्नॉस्टिक्सही उघडता येतं. बिघडलेलं असताना पाहिलंत तरच उपयोग आहे, वर सांगितलंय तसं.

अनामवीर
अवांतर: माझा डेस्कटॉप शट डाउन करून सुरू केला तरी वायफाय येत नाही, रिस्टार्ट केला तर येतं. हे उलटं नाही का? शट डाउन तर जास्त पूर्ण असायला हवं.

बुरूज
अवांतर अजिबात नाही, याच घरातलं दुखणं आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असली की शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (कार्डासारखी उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम) पूर्ण बंद होत नाहीत, त्यांची स्थिती हायबरनेटच्या फाइलमध्ये जपून ठेवली जाते. पुढच्या वेळी तीच स्थिती परत येते, बिघाडासकट. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. शिफ्टची कळ दाबून ठेवून शट डाउन म्हणा, मग खरोखर पूर्ण बंद होईल. त्याने वायफाय आलं तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करून टाका.

अनामवीर
शिफ्टवालं चाललं! फास्ट स्टार्टअप बंद करतोय. मनापासून आभार.

सांजवारा
सकाळचा अहवाल.

१. फोनचा हॉटस्पॉट दिसला नाही. यादी नुसती रिकामी नाही, वायफायचं चालू-बंद करायचं बटणच गायब आहे.
२. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डावर पिवळा त्रिकोण, 'हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, कोड १०'.
३. @रातकिडा, डिसेबल-इनेबल केलं, त्रिकोण गेला नाही.
४. पॉवरसीएफजीच्या यादीत 'स्टँडबाय एस-० लो पॉवर आयडल' उपलब्ध आहे, हायबरनेटही आहे. एस-३ उपलब्ध नाही.

चकवा
राउटर निर्दोष. तक्रार मागे.

निळी_शाई
कोड १० म्हणजे कार्ड खराब झालंय का? नवीन कार्ड घालावं लागेल?

बुरूज
तसं वाटत नाही. कार्ड खरंच मेलं असतं तर रिस्टार्टनंतरही चाललं नसतं. कोड १० चा अर्थ एवढाच की ड्रायव्हरने कार्डाला सुरू करायचा प्रयत्न केला आणि तो फसला.

आता सांजवारांच्या पहिल्या निरीक्षणाकडे येतो. थोडी झोप चालते, लांब झोप चालत नाही. मला वाटतं लांब झोपेत लॅपटॉप झोपलेला राहतच नाही, मधेच हायबरनेट होतो. मॉडर्न स्टँडबायमध्ये बॅटरी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त खर्च होऊ लागली किंवा ठरलेला वेळ उलटला की विंडोज आपणहून हायबरनेटमध्ये जातं. म्हणजे रात्री तुम्ही झोपवता एका प्रकारे आणि सकाळी तो उठतो दुसऱ्या प्रकारे.

याने वायफायला काय फरक पडतो? स्टँडबायमध्ये कार्डाला थोडी वीज मिळत राहू शकते, त्याचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम, त्याच्या पोटात शाबूत राहतं. हायबरनेटमध्ये वीज पूर्ण जाते. उठताना रॅम डिस्कवरून जशीच्या तशी परत येते, त्यामुळे ड्रायव्हरच्या लेखी कार्ड आधीपासून तयार असतं. कार्ड मात्र कोरं झालेलं असतं. चांगल्या ड्रायव्हरने हे ओळखून फर्मवेअर पुन्हा चढवायचं असतं. तुमचा ड्रायव्हर तिथे अडखळतोय असा माझा तर्क आहे.

तर्क तपासता येतो. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'पॉवरसीएफजी', मग तिरकी रेघ आणि 'स्लीपस्टडी'. एक एचटीएमएल फाइल तयार होते, त्यात गेल्या ३ दिवसांतल्या प्रत्येक झोपेची नोंद असते. रात्रीच्या झोपेच्या शेवटी हायबरनेट दिसतं का ते बघा.

आणि त्याहून चांगलं: रात्रीची वाट न पाहता स्वतःच हायबरनेट करा. मेन्यूत तो पर्याय मुळात लपवलेला असतो. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'पॉवरची बटणं काय करतील ते निवडा', तिथे हायबरनेटवर खूण करा. मग हायबरनेट करून लगेच उठवा. बिघडलं तर आपल्याला हवं तेव्हा बिघाड घडवून आणता येईल आणि प्रत्येक उपाय काही मिनिटांत तपासता येईल. हवा तेव्हा घडवता येणारा बिघाड निम्मा सुटलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

ओवी
लिनक्सवाल्यांसाठी याच विचाराने: 'स्लॅश सिस स्लॅश पॉवर' या फोल्डरमधली 'मेम-स्लीप' नावाची फाइल वाचा. त्यात 'एस-टू-आयडल' आणि 'डीप' यांपैकी ज्याला चौकटी कंस असतो ती झोप सध्या वापरात असते. एका झोपेत वायफाय मरत असेल तर दुसरी वापरून पाहता येते, अर्थात मशीनमध्ये दोन्ही असतील तर.

माझ्याकडे डीपमधून उठल्यावर कार्ड मुकं व्हायचं. कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलेपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) 'सिस्टम-स्लीप' फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवली. तिला झोपताना 'प्री' आणि उठताना 'पोस्ट' असा शब्द मिळतो. 'प्री'ला कार्डाचं मॉड्यूल (ड्रायव्हर) काढायचं, 'पोस्ट'ला परत घालायचं. याशिवाय नेटवर्क मॅनेजरमध्ये 'वायफाय पॉवरसेव्ह' नावाची किंमत असते, २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. पण हे जोडणी मधेच तुटण्यावर जास्त उपयोगी पडतं. उठल्यावर कार्डच गायब असेल तर त्याने काही होत नाही. अनेक ठिकाणी सरसकट सुचवलं जातं म्हणून मुद्दाम सांगितलं.

रातकिडा
विंडोजमध्येही तशी सोय आहे. टास्क शेड्यूलरला एखाद्या नोंदीवरून काम सुरू करायला सांगता येतं. सिस्टम लॉगमध्ये 'पॉवर-ट्रबलशूटर'ची १ क्रमांकाची नोंद म्हणजे मशीन झोपेतून उठलं. मॉडर्न स्टँडबायवर 'कर्नल-पॉवर'च्या नोंदी बघायच्या, ५०६ झोपताना आणि ५०७ उठताना. त्यावर अडॅप्टर बंद-चालू करायची आज्ञा लावून द्यायची.

बुरूज
ज्यांचं बंद-चालू केल्यावर सुधारतं त्यांना चालेल. सांजवारांचं त्याने सुधारत नाही.

सांजवारा
बुरूज, तर्क अचूक निघाला! स्लीपस्टडीत रात्रीची झोप मधेच संपून हायबरनेट झालेलं दिसतंय. हाताने हायबरनेट करून उठवलं तर लगेच कोड १०. पुन्हा केलं, पुन्हा तेच. रात्रभर थांबायची गरजच नाही!

निळी_शाई
मग हायबरनेटच बंद करून टाका ना. पॉवरसीएफजीने एका ओळीत होतं. ना राहील हायबरनेट, ना येईल कोड १०.

बुरूज
निळी_शाई, एवढी घाई नको. मॉडर्न स्टँडबायमध्ये बॅटरी हळूहळू उतरतच असते, आणि बॅगेत ठेवलेला लॅपटॉप एखाद्या प्रोग्रॅममुळे नीट न झोपता तापल्याच्या तक्रारीही पुष्कळ आहेत. बॅटरी संपायच्या आत उघडं काम डिस्कवर उतरवणारा शेवटचा रखवालदार म्हणजे हायबरनेट. तो काढला आणि बॅटरी संपली तर जतन न केलेलं काम गेलं. सांजवारांनी पहिल्याच प्रतिसादात काम मांडून ठेवण्याबद्दल लिहिलंय, त्यांना हा सौदा परवडणार नाही. हायबरनेट राहू द्या, ड्रायव्हर दुरुस्त करा.

निळी_शाई
पटलं. बॅटरीचा मुद्दा रास्त आहे.

बुरूज
सांजवारा, आता एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर हायबरनेटची चाचणी.

आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरच्या टॅबवर आवृत्ती आणि तारीख लिहून ठेवा. 'रोल बॅक ड्रायव्हर' बटण जिवंत असेल तर दाबा. नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर घ्या. विंडोज अपडेटने आणलेला ड्रायव्हर नवा असला तरी तुमच्या मॉडेलवर तपासलेला असेलच असं नाही.

त्याने नाही झालं तर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम, अपडेट करा. झोप आणि वीज यांचा बराच कारभार तिथून चालतो. पण त्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते पाहा आणि रिकव्हरी की दुसऱ्या जागी लिहून ठेवा. बायोस बदलल्यावर मशीन ती मागू शकतं आणि जवळ नसेल तर आपल्याच फाइल्स आपल्याला उघडता येत नाहीत.

'नेटवर्क रिसेट' सध्या करू नका. त्याने साठवलेली नेटवर्कं, पासवर्ड आणि व्हीपीएनची मांडणी पुसली जाते. तुमचा बिघाड तिथे नाहीच.

चकवा
एक भर घालतो. कार्ड रिस्टार्टनंतरही दिसेनासं झालं तर मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. उरलीसुरली वीज निघून गेल्यावर अडकलेलं कार्ड कित्येकदा पुन्हा ओळखलं जातं. कार्ड बदलायच्या आधी हे करून पाहावं.

सांजवारा
रोल बॅकचं बटण दाबता येत नव्हतं. कंपनीच्या पानावरचा ड्रायव्हर माझ्याकडच्यापेक्षा जुना निघाला. मन घट्ट करून तोच घातला. हायबरनेट केलं, उठवलं, वायफाय हजर! परत केलं, हजर. बायोसला हात लावलेला नाही. आज रात्री नेहमीसारखं झाकण लावून ठेवते.

गवताचं_पातं
सगळा धागा वाचून काढला. माझंही झोपेनंतर इंटरनेट जातं, पण कार्ड ठीक आहे, यादी दिसते, 'कनेक्टेड' असंही म्हणतं. फक्त एकही पान उघडत नाही. मीही ड्रायव्हर बदलू का?

चकवा
नका. तुमचा बिघाड पुढच्या टप्प्यावर आहे. जागं झाल्यावर आयपी पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, मशीनने स्वतःच एक घेतला आहे. मग माझी भाडेपट्टीची गोष्ट तुम्हाला लागू, 'आयपीकॉन्फिग'ने पत्ता सोडून नवा मागा. पत्ता व्यवस्थित असेल तर आधी राउटरला पिंग करा (उत्तर येतं का ते बघायची हाक), मग बाहेर १.१.१.१ ला, मग एखाद्या साइटच्या नावाला. जिथे उत्तर थांबेल तिथे शोधायचं. आकड्याला उत्तर येतं पण नावाला नाही, असं असेल तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधणाऱ्या सेवेचा.

गवताचं_पातं
पत्ता १९२.१६८ चा आहे. राउटर उत्तर देतो, १.१.१.१ देत नाही.

ओवी
व्हीपीएन आहे का? त्यातली 'किल स्विच' चालू असेल तर बोगदा (व्हीपीएनची जोडणी) पुन्हा जोडला जाईपर्यंत ती बाहेरची सगळी रहदारी अडवते. झोपेत बोगदा तुटतो आणि उठल्यावर काही वेळा जोडलाच जात नाही. घरातल्या राउटरला पिंग जातं, बाहेर काही नाही, ही लक्षणं त्याचीच.

गवताचं_पातं
आहे! व्हीपीएन हाताने तोडून किल स्विच बंद केली, लगेच पानं उघडली. झोपवून उठवलं तरी चालू आहे. पण किल स्विच मला कामासाठी लागते.

ओवी
मग झोपवण्याआधी व्हीपीएन तोडायची सवय लावा किंवा त्या अॅपची नवी आवृत्ती घालून पाहा. 'जागं झाल्यावर आपोआप जोड' असा पर्याय असेल तर तोही चालू करा.

सांजवारा
रात्रीचा अहवाल: स्लीपस्टडीत हायबरनेट झाल्याची नोंद आहे आणि सकाळी झाकण उघडलं तेव्हा वायफाय जोडलेलं होतं. बुरूज, चकवा आणि सगळ्यांचे खूप खूप आभार. एकच शंका उरली आहे. विंडोज अपडेट पुन्हा तो नवा ड्रायव्हर घालणार नाही ना?

बुरूज
घालू शकतं. 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधून तिथे 'नाही' निवडा. तरीही एखाद्या मोठ्या अपडेटनंतर आवृत्ती बदललेली दिसू शकते. म्हणून आत्ता चालणाऱ्या ड्रायव्हरची फाइल जपून ठेवा आणि त्याची आवृत्ती इथेच प्रतिसादात लिहा. कंपनीने पुढे नवा ड्रायव्हर दिला तर तोही वापरून बघा, मात्र घातल्यावर लगेच हायबरनेटची चाचणी करा.